फोनमधली राजेश्वरी

राजेश्वरीला बोलायला शिकवलं ते तिच्या वडिलांनी. तसं म्हटलं तर प्रत्येक लेकराला घरचीच माणसं बोलायला शिकवतात, पण आबाजी गुरुजींचा नाद वेगळा होता. लोणी भापकरला त्यांचं घर, शेजारच्या गावातल्या शाळेत ते मराठी शिकवायचे. संध्याकाळी अंगणात बाज टाकली की पोरीला पुढ्यात बसवायचे, धडा मोठ्यानं वाचायला लावायचे आणि वाक्यावाक्याला अडवायचे. "पानी नाही बाळा, पाणी. जिभेचं टोक वर टाळूला लागू दे." बाहेर बाकीच्या पोरी लंगडी खेळत असायच्या आणि ही आपली जीभ टाळूला लावत बसलेली. शाळेत बोलायला उभी राहिली की मागून कुजबुज ऐकू यायची, "आली पुण्याची." तिला वाईट वाटायचं, आणि थोडं बरंही वाटायचं.

लग्न होऊन ती इंदापूर तालुक्यात आली, भवानीनगरच्या अलीकडच्या एका वस्तीवर. नवरा कुंडलिक साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला, घरचा थोडा ऊस, दारात दोन गाई. सासूनं पहिल्याच दिवशी तिचं बोलणं ऐकून जाऊबाईंना सांगितलं, "रेडूच आनलाय की घरात, बातम्या देनारा." कुंडलिकाला मात्र ते बोलणं आवडलं. माणूस मुळात कमी बोलणारा. रात्री जेवताना तो तिला काहीतरी विचारायचा आणि भाकरी मोडत ऐकत राहायचा.

वस्तीवरच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा ऐनवेळी सूत्रसंचालन करणाऱ्या बाई आल्या नाहीत, तेव्हा कुणीतरी राजेश्वरीच्या हातात माईक दिला. त्या दिवसापासून तो माईक तिच्याच हातात राहिला. हळदीकुंकू, निरोप समारंभ, बचतगटांचे मेळावे, पिकांची प्रदर्शनं. भवानीनगरपासून बारामतीपर्यंत कुठंही मांडव पडला की लोक म्हणायचे, निवेदनाला राजेश्वरी वहिनींना बोलवा. चेहरा फारसा कुणाच्या ध्यानात राहिला नाही, कारण ती कायम स्टेजच्या कडेला उभी असायची. आवाज मात्र सगळे ओळखायचे. गुरुजी वारले त्या वर्षीसुद्धा तिनं कार्यक्रम सोडले नाहीत. माईकवर बोलताना ते समोर बाजेवर बसलेत असं तिला वाटायचं.

अशाच एका प्रदर्शनात तिला अद्वय भेटला. पुण्याच्या एका कंपनीतला तरुण, नम्र, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारा. त्यांची कंपनी शेतकऱ्यांसाठी फोनवरची एक सेवा काढत होती. नंबर लावायचा, काय विचारायचं ते विचारायचं, पलीकडून उत्तर मिळायचं. उत्तर देणारं माणूस नसणार, पण ते माणसासारखं बोलणार.

"आम्हाला तुमचाच आवाज हवाय, मॅडम," तो म्हणाला. "शुद्ध आहे, पण परका वाटत नाही."

बारामतीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर भिंतींना गादीसारखं काहीतरी ठोकलेली एक खोली होती. पंखा चालू ठेवायचा नाही, कारण त्याचा आवाज येतो. राजेश्वरी पदरानं घाम पुसत समोरची वाक्यं वाचायची. उसाला शेवटचं पाणी कधी दिलं? पानांवर ठिपके दिसतात का? काळजी करू नका, मी तुमच्या सोबत आहे. एकच वाक्य एकदा आनंदानं, एकदा गंभीरपणे, एकदा म्हाताऱ्या माणसाशी बोलल्यासारखं. नुसतं 'हं', नुसतं 'अस्सं का', नुसतं 'बरं बरं' हेसुद्धा. हसू काही येईना तेव्हा तिनं अद्वयला दिराची एक फजिती सांगितली आणि सांगता सांगता तिलाच हसू फुटलं. अद्वयनं काचेपलीकडून अंगठा वर केला. ते हसूही त्यांनी ठेवून घेतलं.

शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "सेवेचं नाव सुसंवादिनी आहे. पण फोन उचलल्यावर 'नमस्कार, मी राजेश्वरी बोलतेय' असं म्हटलं तर? तुमचं नाव इकडं सगळ्यांना माहीत आहे."

राजेश्वरीला ते फार आवडलं. त्यानं दाखवलं तिथं तिनं सही केली आणि घरी येताना सगळ्यांसाठी पेढे आणले.

तिची समजूत अशी होती की आपण वाचलेली वाक्यं तेवढी फोनवर वाजतील. ती समजूत शेजारच्या विमलनं घालवली. एके दिवशी सकाळी विमल फोन हातात नाचवत आली आणि चुलीजवळ बसून तिनं तो नंबर लावला. गाय चारा खात नाही म्हणून तिनं सांगितलं. पलीकडून राजेश्वरीच्या आवाजात उत्तर आलं, "अस्सं का? गाय गाभण आहे का हो, विमलताई?"

राजेश्वरीचा हात पिठात तसाच राहिला. गाय, गाभण, विमल, यातलं काहीच तिनं त्या खोलीत वाचलं नव्हतं. जे तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं ते तिच्या आवाजात, तिच्या लकबीनं, शब्दाच्या शेवटी ती घेते तसा श्वास घेऊन बोललं जात होतं. विमल कौतुकानं तिच्याकडं बघत होती.

"कसली गोड बोलतीयास गं तू," विमल म्हणाली.

"मी कुठं बोलले?"

"मग आनि कोन?"

पुढं बरेच महिने तो प्रश्न राजेश्वरीच्या मागं लागून राहिला.

सेवा बघता बघता पसरली. बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुक्यांत माणसं उसाच्या तांबेऱ्यापासून कालव्याच्या पाळीपर्यंत सगळं तिला विचारू लागली. कुणी 'सुसंवादिनी' म्हणालं नाही. सगळे म्हणायचे, राजेश्वरीला विचार. बाजारात ती भेंडी निवडता निवडता भाव विचारायची आणि चार माणसं वळून बघायची. बँकेत एक गृहस्थ तिच्या अंगावर आले. उसाच्या हुमणी किडीवर तिनं सांगितलेलं औषध लागू पडलं नव्हतं. "मी नाही सांगितलं," ती म्हणाली, आणि तेवढ्या तीन शब्दांत त्यांना आणखी खात्री पटली. एसटीत पोरं मुद्दाम तिच्या मागच्या सीटवर बसून फोन लावायची आणि पुढून-मागून एकच आवाज आला की खिदळायची.

सगळ्यात वाईट झालं ते काट्यावर. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की ड्रायव्हरांना वेळच वेळ. कुणीतरी नंबर लावायचा आणि विचारायचा, "राजेश्वरी, जेवलीस का?" पलीकडून उत्तर यायचं, "मी जेवत नाही, पण तुम्ही जेवलात का?" आणि मग ते हसू. दिराच्या फजितीचं. कुंडलिक खिडकीपलीकडं बसून वजनं घेत असायचा.

एका दुपारी तो पाळी संपवून आला. राजेश्वरीनं त्याला विचारलं, "अहो, ताट वाढू का?" त्यानं तिच्याकडं बघितलंच नाही. बराच वेळ पायातला बूट काढत बसला.

"राग न्हाय," तो शेवटी म्हणाला. "तुझं काय चुकलं न्हाय, ते मला कळतंय. पर तू घरात बोललीस की मला वाटतं, कुनाच्या तरी खिशातनं बोलतीयास."

त्या दिवसापासून तो तिला जेवताना काही विचारेनासा झाला.

राजेश्वरी बारामतीला अद्वयला भेटायला गेली. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं नीट ऐकून घेतलं. त्याला खरोखर वाईट वाटलं असावं.

"आवाज काढून घ्या," ती म्हणाली.

"तो आता काढता येत नाही, मॅडम. तो नुसता तुमचा राहिलेला नाही, त्यावर पुढं सुसंवादिनी आपली आपण बरंच शिकलीय. आणि आपलं तसं ठरलंही होतं."

"मग माझं नाव तरी काढा."

"ते काढतो. आजच काढतो. पण लोक काय म्हणतात ते माझ्या हातात नाही." त्यानं चहाचा कप तिच्याकडं सरकवला. "खरं सांगू? लोकांना दुसरा शब्द हवाय. त्यांच्या तोंडात बसेल असा. आम्ही सुसंवादिनी देऊन बघितलं, नाही चाललं. तुम्हाला भाषेची जाण आहे. तुम्हीच सुचवा."

म्हणजे कोंडलं त्यांनी आणि कुलूप कसं उघडायचं ते शोधायचं हिनं. पण दुसरा उपायही तिला दिसेना. घरी येऊन तिनं माहेरून आणलेला गुरुजींचा शब्दकोश काढला. यंत्रमानव, मानवयंत्र असे शब्द तिला ठाऊक होते, पण त्यांत बाई कुठून आणायची? कृत्रिम म्हणावं तर तो खताच्या पोत्यावरचा शब्द वाटत होता. बचतगटाच्या बैठकीत तिनं बायकांना सरळ सांगून बघितलं, "ती मी नाही. ते यंत्र आहे." बायका हसल्या. "यंत्र कसलं, तूच की गं," विमल म्हणाली. मग तिनं गप्प बसायला सुरुवात केली. दुकानात बोटानं दाखवून वस्तू घ्यायची, एसटीत सुटे पैसे आणि नुसती मान. निवेदनाची बोलावणी आली की घसा बसलाय म्हणून कळवायची. दिवसचे दिवस तिचा आवाज गोठ्यातल्या गाईंखेरीज कुणी ऐकत नसे.

अशातच एका सकाळी दारात एक म्हातारी उभी राहिली. नऊवारी नेसलेली, हातात कापडी पिशवी, पिशवीत एक लुगडं आणि डबा.

"राजेश्वरी तूच ना?"

राजेश्वरीनं मान हलवली.

"अगं मी मुक्ताबाई. चल ना. टायमानं जायाला पायजे."

"कुठं?" तिच्या तोंडून गेलंच.

आवाज ऐकला आणि म्हातारीचा चेहरा उजळला. "डोळ्याच्या आपरेशनला. आज हाय की. इसरलीस? तूच म्हनलीस, काळजी करू नका, मी तुमच्या सोबत हाय."

मुक्ताबाई दोन-तीन मैलांवरच्या मळ्यात एकट्या राहायच्या. मुलगा चाकणला कामाला, तो रविवारी फोन करायचा. बाकी दिवस मुक्ताबाई त्या नंबरावर बोलायच्या. गुडघा कसा आहे ते राजेश्वरी रोज विचारायची, गोळी घेतली का ते विचारायची, मांजरीला पिल्लं झाली तेव्हा किती झाली ते विचारलं होतं. हे सगळं मुक्ताबाई उंबऱ्यावर बसून सांगत होत्या आणि राजेश्वरी ऐकत होती. समोरच्या बाईनं आपल्याला जन्मात कधी बघितलं नाही, आणि तरी आपली इतकी जवळची ओळख आहे, याची तिला भीती वाटली. नाही म्हणायचं तर कुणाच्या वतीनं म्हणायचं? तिनं कुंडलिकाला निरोप ठेवला, चपला घातल्या आणि ती निघाली.

बारामतीच्या दवाखान्यात तिनं नाव नोंदवलं, गोळ्या दिल्या, शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापर्यंत हात धरून नेलं. बाहेर आणल्यावर मुक्ताबाईंच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्यानं त्यांना तसंही फारसं दिसत नव्हतं. नर्सनं दोघींना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. तासभर थांबा म्हणाली.

"मावशी," राजेश्वरी म्हणाली, "एक सांगायचंय. राग मानू नका. तुमच्याशी फोनवर बोलते ती मी नाही."

मुक्ताबाईंनी तोंड तिच्या आवाजाकडं वळवलं.

"माझा आवाज आहे. पण बोलणारी मी नाही. मला तुमचा गुडघा माहीत नव्हता, मांजर माहीत नव्हतं. आज सकाळी मी तुम्हाला पहिल्यांदा बघितलं."

"मग कोन हाय ती?"

"यंत्र आहे."

"यंत्र म्हंजे गिरन, नायतर मोटर. गिरन इचारती व्हय, गुडघा कसा हाय म्हनून?"

"मग रेकॉर्ड समजा."

"रेकॉर्ड येकच गानं म्हनती. मी काय बी बोलले तरी ती त्याला धरून बोलती."

"बाहुली म्हणा. कळसूत्री बाहुली असते तशी."

"बाहुलीमागं दोऱ्या वडनारा असतो. हिच्या मागं कोन हाय?"

राजेश्वरीच्या डोळ्यासमोर अद्वय आला. पण तोही म्हणाला होता की पुढचं ती आपली आपण शिकली. "कुणी नाही," ती म्हणाली.

"मग भूत हाय का?" मुक्ताबाईंनी हे अगदी साधेपणानं विचारलं, पाहुणा कुठल्या गावचा म्हणून विचारावं तसं.

"भूत मेलेल्या माणसाचं असतं, मावशी. मी जिवंत आहे."

"हात दे बघू."

राजेश्वरीनं हात दिला. मुक्ताबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला, बोटं चाचपली, बांगड्या सरकवून मनगट दाबून बघितलं. त्यांचे तळवे खरखरीत होते. बराच वेळ त्यांनी हात सोडला नाही.

"तिला हात न्हाय," त्या म्हणाल्या.

"नाही."

"आन् आवाज तुझा नेलाय."

"हो."

"इचारून नेला का तसाच?"

"विचारून नेला. मीच दिला. पण एवढ्यासाठी देतेय हे मला कळलं नव्हतं."

"मंग उसना नेलाय म्हन की." मुक्ताबाई बाकाला टेकल्या. "आपन न्हाय का, इरजन उसनं नेतो. आपल्या वाडग्यातलं चमचाभर दुसरीच्या दुदात पडतं, आन् तिच्या घरी दही व्हतं. दही तिचं, पर लागलंय आपलं इरजन."

गुरुजींच्या जाडजूड पुस्तकात राजेश्वरीनं हा शब्द शोधला नव्हता, कारण तो शोधायचा शब्दच नव्हता. चहापत्ती, साखर, विरजण यांच्यासोबत तो रोज या घरातून त्या घरात जात होता.

"उसनी," ती हळूच म्हणाली.

"उसनीच ती. परत कवा देनार हायत?"

"नाही देणार, मावशी."

मुक्ताबाईंनी जिभेनं च्यक केलं आणि तिच्या हातावर थोपटलं. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मी बोलत जाईन हां तिच्याशी. तू वाईट वाटून घेऊ नगंस. उसनी तर उसनी. गुडग्याचं तर इचारती."

परत येताना रिक्षावाल्याला, वाटेत चहाच्या टपरीवर, दुसऱ्या दिवशी शेजारणीला, नंतर रविवारी फोनवर मुलाला मुक्ताबाई एकच गोष्ट सांगत राहिल्या. फोनमधली बाई खरी नव्हे, उसनी हाय. खरी येगळी हाय, तिनं माजा हात धरून मला दवाखान्यात नेलं. म्हातारीच्या सांगण्यात गोडी होती. शब्द बचतगटात पोचला, तिथून काट्यावर गेला. काट्यावरच्या ड्रायव्हरांना तो फारच आवडला. महिनाभरात माणसं सहज म्हणू लागली, उसनीला विचार, उसनी काय म्हणते बघ. राजेश्वरीनं अद्वयला फोन करून शब्द सांगितला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, कंपनीला हा चालणार नाही, यात कमीपणा वाटतो. पण तोवर त्याच्या चालण्या-न चालण्याचा प्रश्न उरला नव्हता.

कुंडलिक एका संध्याकाळी घरी आला आणि हात-पाय धुता धुता म्हणाला, "आज रांगेत येकजन म्हनत हुता, उसनीचं हसनं लई ग्वाड हाय." मग पाटावर बसला आणि त्यानं विचारलं, "आज काय काय केलंस?" राजेश्वरीनं त्याला गाईचं, विमलच्या भांडणाचं, सगळं सांगितलं. तो भाकरी मोडत ऐकत होता.

इथं सुटका झाली असं तिला वाटलं. खरं म्हणजे निम्मीच झाली होती.

थंडीत शाळेचं स्नेहसंमेलन आलं. तिला बोलावणं आलं, पण पहिल्या रांगेत बसायचं. मुख्याध्यापकांनी हात जोडून सांगितलं, "वहिनी, तुमचा घसा बरा नसतो म्हणून यंदा तुम्हाला त्रास दिला नाही. पोरांनी फोनच स्पीकरला जोडलाय." पडदा वर गेला आणि मांडवभर तिचा आवाज घुमला. पाहुण्यांचं स्वागत, दोन ओळी कवितेच्या, पुढच्या नाचाची ओळख. एकही शब्द अडखळला नाही. ती वर्षानुवर्षं जिथं उभी राहायची त्या स्टेजच्या कडेला एक खांब होता आणि खांबाला स्पीकर बांधलेला. 'पाण्यासाठी' हा शब्द आला तेव्हा त्यातला ण इतका नितळ होता, की गुरुजींनी मान डोलावली असती. राजेश्वरी मांडीवर हात ठेवून बसून राहिली. कार्यक्रम संपल्यावर एक बाई तिच्याजवळ येऊन म्हणाली, "छान बोललात हो."

ती काही बोलणार तोच मागून एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं, "ती बघ, उसनी."

शब्द फिरून तिच्याच अंगाला चिकटला. दुकानदाराच्या तोंडून एकदा निसटलं, "या उसनीबाई." तो ओशाळला, पण आलं ते आलं. नाव तिला परत मिळालं होतं, आवाज मिळाला नव्हता, आणि त्या आवाजाला जे नाव लागेल ते तिलाही लागणार होतं. आवाज तिकडून येणार नाही, तर आपणच त्याच्यातून बाहेर पडायला हवं, हे तिला कळलं. ते कळायला एक हिवाळा गेला.

सुरुवात तिनं गाईंपासून केली. "सर की मागं, पानी पी." जीभ टाळूकडं जायची, ती तिला खाली धरून ठेवावी लागायची. मग विमलशी, मग दळणाच्या गिरणीत. हाय, न्हाय, व्हय, हितं, तितं. आजूबाजूला जन्मभर ऐकलेली बोली तिला परकी नव्हती, पण तिच्या तोंडाला ती नवी होती आणि सुरुवातीला ती कुणाची तरी नक्कल केल्यासारखी वाटायची. वाक्य सावकाश, जड बोलायचं, शेवटचा श्वास घ्यायचा नाही. हसताना पदर तोंडाला लावायचा. कुंडलिकानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यानं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काय न्हाय. बोल की."

"आवडत न्हाय का?"

"तसं न्हाय," कुंडलिक म्हणाला. "लगीन झालं तवाची बोलनारी बाई आता काट्यावर बसून फोनातनंच ऐकाया लागंल, येवडंच."

माहेरी आईला ते सहन झालं नाही. राजेश्वरी स्वयंपाकघरात काहीतरी बोलली आणि आईनं चाळणी खाली ठेवली. "तुझ्या आबांनी एवढं घोकून घेतलं," ती म्हणाली, "ते असं टाकलंस?" राजेश्वरीनं तिला सगळं समजावून सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, पण त्या दिवशी ती जेवली नाही. रात्री झोपताना दोघी अंधारात पडल्या असताना आई म्हणाली, "एकदा नीट बोल ना. माझ्याशी एकटीशी." राजेश्वरी तिच्या कानाशी जाऊन तिच्याशी बोलली, अगदी दबक्या आवाजात, दार लावून.

गेल्या उन्हाळ्यात ती बारामतीला निघाली होती. वाटेतल्या एका थांब्यावर एक बाई एसटीत चढली आणि तिच्या शेजारी येऊन बसली. मांडीवर भाजीची पिशवी, हातात फोन. गाडी सुटल्यावर बाईनं नंबर लावला आणि मुलीच्या शाळेच्या दाखल्याचं काहीतरी विचारलं. फोनमधून उत्तर आलं, स्वच्छ, आपुलकीचं, शब्दाच्या शेवटी श्वास घेणारं. राजेश्वरीनं खिडकीकडं तोंड केलं. बाहेर तोडून झालेल्या उसाचे फड होते, पाचट पेटवलेलं होतं.

बाईनं फोन बंद केला आणि खुशीत म्हणाली, "ही उसनी लई कामाची हाय. तुमी लावता का न्हाय?"

"न्हाय बा."

"आवो मग लावा की. फुकट हाय. काय बी इचारा, कदी वैतागत न्हाय. आपल्या मानसांला तरी येवडा येळ हाय का?"

"दावा बरं लंबर," राजेश्वरी म्हणाली.

बाई एकेक आकडा सांगत गेली, राजेश्वरी फोनवर दाबत गेली. बाईनं वाकून तो बरोबर आहे का ते बघितलं.

"तुमचं नाव काय म्हनायचं?" तिनं विचारलं.

राजेश्वरीनं फोन पदराखाली घेतला. "राजेश्वरी."

"चांगलं हाय," बाई म्हणाली. "माज्या धाकट्या जावंचं बी त्येच हाय." आणि तिनं पिशवीतून काकडी काढली, मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली आणि जावेच्या तक्रारी सांगायला सुरुवात केली. राजेश्वरी काकडी खात ऐकत राहिली. मधून मधून ती 'हं' म्हणायची, पण आवाज न करता, नुसती मान हलवून.